पाडवा गेला, दसरा आला, सॉफ्टवेअर कुठंय?

‘विचारा की’ सदराकडे या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली : सॉफ्टवेअर आणि त्याची तारीख. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात. प्रिंटरवाले, सीसीटीव्हीवाले आणि नाशिकरोडच्या वायफायवाल्या काकू, तुम्ही महिनाभर कळ काढा. नवीन वाचकांना सांगून ठेवतो की दुकानांना आणि कारखान्यांना सॉफ्टवेअर विकायचं, बसवायचं आणि त्यावरून बोलणी खायची, हा धंदा मी एकवीस वर्षं केला. त्यामुळे उत्तरं वाचताना ‘हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा?’ असं वाटलं, तर ते वाटणं बरोबरच आहे.

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. सीएनसी आणि व्हीएमसी मिळून अकरा मशीन, माणसं चौतीस. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांचं काम करतो. गेल्या डिसेंबरात एका व्हेंडरकडून ईआरपी (खरेदी, स्टोअर, विक्री, पगार सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतलं. सात लाख ठरले, साडेचार देऊन झाले. गुढीपाडव्याला चालू करून देतो म्हणाले. मग अक्षय्य तृतीया झाली, गणपती येऊन गेले. आता दसऱ्याचं नाव काढत नाहीत, दिवाळी पाडवा म्हणतात. कधीही विचारा, ‘नव्वद टक्के झालंय सर’. मी म्हटलं आणखी चार पोरं लावा, लागले तर पैशाचं बघू. सगळ्यात जास्त अडलंय जॉबवर्कचं. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल बाहेर दुसऱ्यांकडे जातो, त्याची चलानं अजून वहीत. पोरं वाईट नाहीत. फोन उचलतात, नीट बोलतात. पण माझा विश्वास उडालाय. सोडून देऊ का?
(एक कारखानदार, सातपूर)

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी कॅलेंडर काढलं. यंदा, म्हणजे २०२५ साली, गुढीपाडवा ३० मार्चला होता. वार रविवार. दुसऱ्या दिवशी आर्थिक वर्ष संपत होतं. मला सांगा, ३० मार्चला तुमच्या अकाउंटंटनं नवीन सॉफ्टवेअरला हात लावला असता? त्या आठवड्यात तो घरच्यांचा फोन उचलत नाही. म्हणजे ही तारीख पाळली जाणं शक्यच नव्हतं. देणाऱ्यानं पंचांग बघितलं, तुमचं ऑफिस बघितलं नाही. आणि तुम्हीही ती घेतलीत, कारण पाडवा म्हटलं की ऐकायला बरं वाटतं.

आता शोधा की ती दिली कुणी. माझा अंदाज, डेमो द्यायला जो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, त्यानं. प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांना पाडव्याचं कळलं असेल ते ऑर्डर आल्यानंतर, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, पेढ्याच्या फोटोसोबत.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय, कारण असल्या तारखा मीही वाटल्यात. एक सांगतोच. महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला १ एप्रिल २००५ला. पण त्याआधी तो १ एप्रिल २००३ला येणार होता. तेव्हा आम्ही रात्री जागून बिलिंग तयार केलं, आणि ऐनवेळी सगळ्या राज्यांत एकट्या हरियाणानं तो लावला. आमची मेहनत कपाटात गेली. त्यामुळे २००५ साल उजाडलं तेव्हा आमचे मालक बिनघोर. ‘हाही पुढं जातोय बघ’. तो काही गेला नाही.

रविवार कारंजावर एक हार्डवेअरवाले शेठ आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या काउंटरला टेकून चहा पीत मी स्वतः सांगितलं होतं, ‘तीस मार्चला येऊन टाकून देतो.’ गेलो अकरा एप्रिलला. मधले सगळे दिवस शेठनी हातानं बिलं लिहिली. शंभर पानी बिलबुक, मध्ये निळा कार्बन. छापील रकान्यांत व्हॅटची जागा नव्हती, म्हणून प्रत्येक पानावर पट्टीनं एक जादा रेघ मारलेली. साडेबारा टक्क्यांचा हिशेब आधी पेन्सिलीनं, मग त्यावर पेनानं गिरवलेला. मी सॉफ्टवेअर टाकलं, चालू करून दाखवलं. शेठ एक शब्द बोलले नाहीत. बिलबुक मात्र काउंटरच्या काचेवरून हललं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी गेलो की ते बिलबुक चार बोटं सरकवायचे आणि तेवढ्या जागेत माझा चहा ठेवायचे.

बारा दिवसांचा उशीर त्यांनी पोटात घातला असता, असं मला आजही वाटतं. पण त्या दिवसांत त्यांचे दोन फोन आले होते आणि दोन्ही वेळा मी ऑफिसातल्या पोराकडून ‘साहेब मालेगावला गेलेत’ म्हणून सांगितलं होतं. मी मालेगावला नव्हतो. त्यांच्या भाच्यानं मला त्याच संध्याकाळी मेनरोडला भेळ खाताना पाहिलं होतं.

म्हणून तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते ‘फोन उचलतात’ हे दोन शब्द. एवढ्यावर मी म्हणतो, आजच सोडू नका. पण यापुढे त्यांच्याकडून तारीखही घेऊ नका. काय घ्यायचं ते सांगतोच, त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी.

‘नव्वद टक्के झालंय’ हे खोटं नसतं, पण त्याला काही अर्थही नसतो. बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांचा या धंद्यातला एक जुना विनोद आहे : पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. स्क्रीन दिसायला लागली, बटणं दाबली गेली की पोरांना वाटतं झालं. खरं काम तिथून पुढं सुरू होतं. माल अर्धाच परत आला तर? चलान चुकून दोनदा पडलं तर? रिजेक्ट झालेला पीस कुणाच्या खात्यावर? डेमोत हे कधीच येत नाही, कारण डेमोतला माल नेहमी पूर्ण जातो आणि पूर्ण परत येतो.

दुसरं, चार पोरं जास्त लावायचं. हे तर अजिबात करू नका. १९६०च्या दशकात आयबीएमच्या ३६० मालिकेच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम फ्रेडरिक ब्रुक्स सांभाळत होते. तिथं पोळल्यावर त्यांनी १९७५ साली लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी उशिरा होतं. आपल्याकडं हे समजायला आयबीएम लागत नाही. गोडी छाटणी झाली की द्राक्षाला साधारण चार महिने लागतात. विरळणीला तुम्ही दिंडोरीचे शंभर मजूर आणा, काम दोन दिवसांत उरकेल. पण मणी गोड व्हायला लागणारे दिवस तेवढेच. वर नवीन पोरांना तुमचं जॉबवर्क समजावून सांगणार कोण? ज्याच्यावर काम अडलंय, तोच. मग ते तो करणार कधी?

आता तुम्हाला न आवडणारं बोलतो. तुमचा आयटम मास्टर, म्हणजे स्टोअरमधल्या सगळ्या वस्तूंची यादी, त्यांना दिलात का, आणि कसा दिलात? अंबडच्या एका कारखान्यात मी तीन आठवडे नुसता बोल्टपायी घालवले. ‘बोल्ट एम १०’, ‘एम-१० बोल्ट’, ‘हेक्स बोल्ट १०’ आणि ‘पिवळा बोल्ट’. वस्तू एकच. पिवळा का, तर झिंक प्लेटिंगनं तो तसा दिसतो आणि स्टोअरमधले मामा त्याला अठरा वर्षं त्याच नावानं हाक मारत होते. मालक मला रोज विचारायचे, कधी होणार? मी रोज म्हणायचो, मामांना दोन तास द्या. मामांना दोन तास शेवटी मिळाले एका रविवारी, आणि मग काम सरकलं. तुमच्या स्टोअरात असा कुणी मामा असणारच. त्याला उद्या मशीनवरून, गेटवरून, सगळीकडून मोकळा करा. उशिराच्या या सहासात महिन्यांतले निदान दोन महिने तुमच्याच दारात अडकलेत, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता करायचं काय. खरेदी, विक्री, पगार, डॅशबोर्ड सगळं बाजूला ठेवा. त्यांना म्हणा, मला फक्त जॉबवर्क द्या. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल (अकरा मशीन म्हणजे असावीच), तर एप्रिल ते सप्टेंबरचं आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म) तुम्हाला २५ ऑक्टोबरपर्यंत भरायचंय. ही तारीख कुणाच्या तोंडाला आलेली नाही, कायद्यातली आहे. आणि वहीतल्या चलानांवरून ते भरणं म्हणजे काय असतं ते तुमचा अकाउंटंट सांगेल. शिवाय जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर गेला त्या दिवशीच विकला असं धरून टॅक्स बसतो. म्हणजे कुठलं चलान किती दिवस बाहेर आहे, हे रोज डोळ्यांसमोर हवं.

येत्या सोमवारी त्या पोरांना शॉपवर बोलवा. त्यांच्या ऑफिसात जाऊ नका. वहीतलं एक खरं चलान काढा. आपल्याकडचे जुने लोक त्याला एक्साइजच्या जुन्या नियमाच्या नंबरावरून अजून सत्तावन्न एफ फोर म्हणतात, एक्साइज जाऊन आठ वर्षं झाली तरी. असं चलान शोधा की ज्यावर ५०० पीस प्लेटिंगला गेले, आधी ३२० आले, मग १७५, आणि ५ रिजेक्ट. म्हणा, हे माझ्यासमोर घाला. जमलं तर पुढच्या सोमवारी दुसरं, त्याहून वाकडं. जमलं नाही तर चिडू नका, नेमकं कुठं अडलं ते तारीख घालून कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. जॉबवर्क चाललं की उरलेल्या अडीच लाखांतले पन्नास हजार त्या दिवशी द्या. पुढचं मॉड्यूल, पुढचे पन्नास. सातातले साडेचार काम बघायच्या आधी दिलेत ही चूक झाली, पण आता ती उगाळून उपयोग नाही.

आणि एक मेल आजच टाका. करार कायदा, १८७२चं कलम ५५ वकिलाकडून समजून घ्या. थोडक्यात असं की वेळेवर होणं हीच मुख्य अट असलेलं काम उशिरा आलं आणि तुम्ही ते मुकाट्यानं घेतलं, तर मागाहून उशिराची भरपाई मागता येत नाही. घेतानाच ‘भरपाईचा हक्क राखून घेत आहोत’ असं कळवावं लागतं. भांडायचं नसलं तरी मेल असू द्या.

दोन सोमवार गेले आणि एकही खरं चलान आत गेलं नाही, तर मग सोडा. सोडताना तुमचा भरलेला डेटा एक्सेलमध्ये मागून घ्या. साडेचार लाखांपेक्षा मामांचे ते दोन तास परत मिळवणं अवघड.

प्रश्न : सर, इंदिरानगरला आमची सहा जणांची कंपनी आहे. लॉज आणि हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. सिंहस्थ जवळ आला म्हणून पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या मिळून चार लॉजवाल्यांनी ऑर्डर दिली. डिसेंबरअखेर देते असं मीच सांगितलं होतं. आता बसून हिशेब केला तर फेब्रुवारीच्या आत होत नाही. टीममधले म्हणतात, आत्ता बोलू नकोस, डिसेंबरात बघू, झालं तर होईलही. खरं सांगितलं तर एक तरी ऑर्डर जाईल अशी भीती वाटते. काय करू?
(एक उद्योजिका, इंदिरानगर)

उत्तर : ताई, आजच सांगा. पत्र वाचून झालं की फोन लावा.

तुम्ही नाशिकच्या आहात, तुम्हाला गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती सांगायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार असले की आधी इशारा येतो, इतके इतके क्युसेक सोडणार. गोदाघाटावरचे टपरीवाले सामान उचलतात. पाणी मारुतीच्या कमरेला आलं, छातीला आलं, यावर सराफ बाजारातले लोक आपापला अंदाज बांधतात. पूर येतोच. दुकानात पाणी शिरलं तरी धरणवाल्यांनी आधी सांगितलं होतं की नाही, यावर बोलणी ठरतात. तुमच्या लॉजवाल्याला आज ऑक्टोबरात कळलं तर हातात तीन महिने आहेत. तो जुनं रजिस्टर आणखी एक छापून घेईल, काउंटरवरच्या पोराला तसं सांगेल. २८ डिसेंबरला कळलं तर त्याच्या हातात फक्त तुमचा फोन नंबर आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेलीच दिसत नाही : त्यांना ते खरं लागतंय कधी? येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. २०१५नंतर बारा वर्षांनी गुरु सिंह राशीत येतोय, त्याला कुणी मुदतवाढ मागत नाही. त्या मानानं फेब्रुवारी २०२६ काही आभाळ कोसळण्याची तारीख नाही. डिसेंबर हे तुम्ही बोललात आणि त्यांनी मान डोलावली, एवढंच. चौघांना विचारा. मला वाटतं तिघं म्हणतील, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी आमचा काउंटरचा पोरगा तयार झाला म्हणजे झालं. चौथा कदाचित म्हणेल की मला नाताळच्या गर्दीलाच हवंय. मग त्या एकट्यासाठी काय करता येईल ते बघू. पण चौघांसाठी एकच घाबरगुंडी कशाला?

सांगायचं कसं? व्हॉट्सअॅपवर नाही. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ हे शब्द तर चुकूनही नकोत, ते ऐकलं की मला एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट आठवते. फोन करा किंवा जा, आणि काय झालंय, काय राहिलंय, आणि डिसेंबरअखेर तरी त्यांच्या हातात काय पडेल ते बोला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. डिसेंबरात काहीतरी चालणारं द्याच. नुसतं खोल्यांचं रजिस्टर असू दे. कोण कुठल्या खोलीत, किती दिवस, पैसे आले का. ऑनलाइन बुकिंग, जीएसटी बिल, रिपोर्ट नंतर.

उबुंटू नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तुम्ही वापरलीच असेल. ती दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरात येते, आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिन्याचा. जे काम तोवर झालं नाही ते पुढच्या गाडीला. २००६ साली त्यांना एप्रिल जमणार नाही हे लक्षात आलं, तर त्यांनी आधी जाहीर करून सहा आठवडे मागितले आणि ती आवृत्ती ६.०६ म्हणून जूनमध्ये आणली. आकड्यातच कबुली. मायक्रोसॉफ्टला उलट व्हिस्टाच्या वेळी काहीच गाळायचं नव्हतं. २००१मध्ये काम सुरू झालं, २००४मध्ये बरंचसं नव्यानं मांडावं लागलं, विनएफएस नावाचा मोठा भाग शेवटी वगळावाच लागला, आणि सामान्य ग्राहकाच्या हातात ती पडली ३० जानेवारी २००७ला. त्यांच्याकडे थांबायला पैसा होता. तुमच्याकडे सहा जणांचे पगार आहेत.

अजून एक. तुमचा हिशेब फेब्रुवारी म्हणत असेल तर तोंडानं मार्चअखेर सांगा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. सहा जणांत एकाचं तरी लग्न निघेल, एकाच्या बहिणीचं निघेल, आणि एकाला जानेवारीत पुण्याहून जास्त पगाराचा फोन येईल. ही काही गंमत नाही, माझ्या एकवीस वर्षांत असा एकही हिवाळा गेला नाही. तारीख एकदा बदलली तर लोक ऐकून घेतात. दुसऱ्यांदा बदललीत की तुम्ही दिवाळीच्या आदल्या रात्रीचे शिंपी झालात. काज-बटणच राहिलंय म्हणणारे, आणि मागं कापड अजून बेतलेलंसुद्धा नाही.

एक ऑर्डर गेलीच तर जाऊ द्या. जाणारा माणूसही बाकीच्या तिघांना सांगेल, पोरगी सरळ आहे, आधी बोलली. पंचवटीत लॉजवाले एकमेकांशी किती बोलतात ते तुम्हाला अजून माहीत नाही.

प्रश्न : काका, मी कॉलेजरोडला बी.सी.ए.ला आहे. गेम कंपन्या दरवेळी तारीख जाहीर करतात आणि पुढं ढकलतात. मग जाहीर करतातच कशाला? मी एका गेमचे पैसे आधीच भरून बसलोय.
(एक विद्यार्थी)

उत्तर : कारण जाहिरातीच्या जागा आधी घ्याव्या लागतात, नाताळचा सीझन धरायचा असतो, आणि शेअर बाजाराला काहीतरी सांगावं लागतं. पण ढकलण्यापेक्षा वाईट काय असतं ते ‘सायबरपंक २०७७’नं दाखवलं. १६ एप्रिल २०२० म्हणाले, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. शेवटी आणला १० डिसेंबरला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळत चालला की सोनीनं आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. पुन्हा विकायला ठेवला तो २०२१च्या जूनमध्ये. चौथ्यांदा पुढं ढकलला असता तर लोक चार दिवस शिव्या देऊन गप्प बसले असते.

तुझ्यापुरतं सांगतो. डाउनलोड करायच्या गेमचा स्टॉक संपत नसतो रे. गर्दीत पहिला नंबर लावायला तो काही साधनाची मिसळ नाही. यापुढे आल्यावर घे, आठ दिवसांनी घे. आणि फी भरलीस ना?

प्रश्न : पंचवटीत माझं मेडिकल आहे. ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवीन दर जाहीर झाले आणि २२ तारखेला, घटस्थापनेला, लागूही झाले. १२ टक्क्यांची औषधं ५वर, काही शून्यावर, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८वरून ५वर. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं १५ तारखेलाच फोन करून सांगितलं की अपडेट २१च्या रात्री येईल, पण खात्री देत नाही, नाही आला तर हातानं दर कसे बदलायचे ते शिकवून ठेवतो. तसं शिकवलंही. अपडेट आला रात्री साडेअकराला. तेव्हाही त्याचा फोन आला, ‘जागे आहात का, एकदा बिल काढून बघा.’ दोन औषधांचे दर चुकले होते, ते त्यानं सकाळी दुकान उघडायच्या आत नीट केले. आता तो एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) बाराशे रुपयांनी वाढवून मागतोय. देऊ का? दुसरा एक जण निम्म्यात करून देतो म्हणतोय.
(एक औषध विक्रेते, पंचवटी)

उत्तर : द्या. घासाघीस करू नका. एकोणीस दिवस मिळाले होते त्याला, त्यातले सहासात दिवस त्यानं दर पुन्हा पुन्हा तपासण्यात घातले असतील. औषधांच्या हजारो नोंदी, वर जुन्या छापील एमआरपीचा माल नवीन भावात विकायचा. दोन चुका म्हणजे काहीच नाही. आणि ‘खात्री देत नाही’ हे स्वतः फोन करून सांगणारा विक्रेता मी फार कमी बघितलाय. मला स्वतःला ते कधी जमलं नाही.

निम्म्यात करून देणाऱ्याला एकच विचारा. २१ सप्टेंबरच्या रात्री साडेअकराला तो कुठं होता, आणि त्याच्या कुठल्याही एका गिऱ्हाइकाचा नंबर मागून तेच त्या गिऱ्हाइकाला विचारा.

तुमच्या माणसाचा नंबर मलाही पाठवा. माझ्या मेव्हण्याचं सिडकोत मेडिकल आहे. तो २२ तारखेला दुपारी दोनपर्यंत कॅल्क्युलेटरवर बिलं करत होता.